दगडाचं नाव घ्यायचं नाही

दोघांच्या होडीत पुढे बसणाऱ्याला बोलावं लागतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. माझी समजूत अशी की पुढच्याने मुकाट वल्हं मारायचं आणि मागच्याने दिशा सांभाळायची. प्रत्यक्षात खळाळत्या पाण्यात मागच्याला समोरचं फारसं दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे असते पुढच्याची पाठ. दगड, लाट, उलटं फिरणारं पाणी पहिल्यांदा दिसतं ते पुढच्याला, म्हणून वाट निवडायची आणि ती मोठ्याने सांगायची तीही त्यानेच. आमच्या होडीत मागे माझी भाची होती आणि पुढे मी, वय चोपन्न, गुडघे त्याहून थोडे जास्त.

भाची कॅल्गरीला असते. दोन उन्हाळे तिने तिथे कनू शिकण्यात घालवले होते. "मामा, तू येशील का? चौदा दिवस, नदीवर. वाटाड्या असतात, जेवण ते करतात, फक्त वल्हं तू मारायचंस," असा फोन आला. कोलाडला कुंडलिकेवर दोनदा राफ्टिंग केल्याच्या जोरावर मी हो म्हणालो. नदी कोणती ते नंतर विचारलं. तिने सांगितलं, साउथ नहानी.

कॅनडाच्या नकाशात वर, डावीकडे नॉर्थवेस्ट टेरिटरीज नावाचा अवाढव्य आणि जवळजवळ रिकामा भाग आहे. मॅकेन्झी पर्वतरांगेत उगम पावणारी ही नदी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास धावून लिआर्ड नदीला मिळते. तिच्या काठाला रस्ता नाही. जायचं तर विमानाने, आणि तेही पाण्यावर उतरणाऱ्या. कॅल्गरी, यलोनाइफ, मग छोट्या विमानाने फोर्ट सिम्प्सन असा आमचा प्रवास झाला. लिआर्ड आणि मॅकेन्झी या दोन मोठ्या नद्यांच्या संगमावरचं हे गाव. मॅकेन्झीला इथले मूळ रहिवासी, डेने लोक, देहचो म्हणतात, म्हणजे मोठी नदी. सहलीच्या खर्चाचा मोठा वाटा या विमानांवरच जातो. होड्या, दोन आठवड्यांचा शिधा, तंबू आणि माणसं असं सगळंच उडवत न्यायचं असतं.

आम्ही दहा पाहुणे, दोन वाटाडे आणि सहा होड्या. वाटाड्यांपैकी एक बाई पन्नाशीच्या, दुसरा मुलगा पंचविशीचा. होड्या सतरा फुटी, चिवट प्लॅस्टिकच्या, वरून उघड्या. त्यावर जाड नायलॉनचं कापड ताणून बसवलेलं, त्याला दोनच भोकं. त्या भोकांत कंबरेपर्यंत उतरायचं आणि फोमच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसायचं. कयाकमध्ये पाय लांब करून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं वापरतात. कनूचं वल्हं एका पात्याचं, आणि माणूस वज्रासनाच्या जवळपास. वजन खाली राहतं, होडी सहजासहजी कलंडत नाही. हे दोन्ही मुद्दे पटायला मला तीन दिवस आणि वेदनाशामक मलमाची अर्धी ट्यूब लागली.

विमानाने आम्हाला रॅबिटकेटल तळ्यावर सोडलं. त्याचा आवाज डोंगराआड विरला आणि उरली ती डासांची गुणगुण. तोंडावर जाळी ओढून पहिल्या संध्याकाळी आम्ही शिधा लावला. सगळं अन्न निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत, घट्ट कड्या लावून. हा अस्वलांचा मुलूख. तंबूत बिस्किटाचा तुकडाही न्यायचा नाही, दात घासायची पेस्टसुद्धा पिंपात. स्वयंपाक तंबूंपासून दूर, आणि कमरेला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा. शाकाहारी किती, हे महिनाभर आधीच विचारून घेतलेलं होतं. वाटाड्या बाईंनी तव्यावर भाजलेला बॅनक, म्हणजे उत्तरेकडची जाडसर भाकरीवजा पोळी, आणि मसूर असं पहिलं जेवण झालं. रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड. चौदा दिवसांत मी टॉर्च एकदाही काढला नाही.

तळ्यापासून चालत जाऊन चुनखडीच्या पायऱ्यांचा एक घुमट पाहता येतो. खालून येणाऱ्या कोमट झऱ्याच्या पाण्यातला चुना थरांवर थर साचत साचत तो पंचवीस मीटरहून जास्त उंच वाढलाय. वर जायचं ते राष्ट्रीय उद्यानाच्या कर्मचाऱ्याबरोबरच, आणि बूट काढून. हे थर इतके नाजूक आहेत की बुटाच्या टाचेने फुटतात. डेने लोकांसाठी ही जागा पवित्रही आहे. आमच्यातल्या काहींना अनवाणी चालणं अवघड गेलं. भाची आणि मी मात्र सवयीने चपला काढाव्यात तसे बूट काढून मोकळे झालो.

पुढचे चार दिवस नदी वेगाची पण सोपी होती. वर्जिनिया धबधब्यापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर अंतर, आणि त्यात वाटाड्यांची शाळा. रोज सकाळी वाळूवर काठीने नदी काढायची, दगडाच्या जागी दगडच ठेवायचे.

पहिला धडा पाणी वाचण्याचा. वरून खाली पाहताना पाण्यावर इंग्रजी 'व्ही'सारखी जीभ दिसते. तिचं टोक खालच्या दिशेला असेल तर दोन अडथळ्यांमधली ती मोकळी वाट. टोक आपल्याकडे असेल तर टोकाशी दगड आहे, दिसो वा न दिसो. गुळगुळीत फुगीर उशी दिसली की तिच्याखाली खडक. एकापाठोपाठ एक, जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या लाटा दिसल्या तर खोल आणि वेगवान पाणी: भिजाल, पण बहुधा बुडणार नाही. काठाचं झाड प्रवाहात आडवं पडलं असेल तर त्यापासून शक्य तितकं लांब. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही, चाळणीत अडकल्यासारखा राहतो.

दुसरा धडा एडीचा. खडकामागे किंवा वळणाच्या आतल्या बाजूला पाणी उलटं, वरच्या दिशेला फिरतं. ही नदीतली थांबायची जागा. होडीचं नाक त्यात घुसवलं की होडी गर्रकन वळते आणि शांत उभी राहते. पुढच्या दोनशे मीटरांकडे पाहून विचार करायला वेळ मिळतो. मात्र दोन पाण्यांच्या सीमारेषेवरून जाताना वळणाच्या आतल्या बाजूला झुकावं लागतं, सायकल वळवताना झुकतो तसं.

तिसरा धडा वल्ह्याचा. पुढच्याने पातं लांब टाकून पाणी स्वतःकडे ओढायचं, की होडीचं नाक तिकडे सरकतं. त्याला ड्रॉ म्हणतात. दुसऱ्या बाजूला वळायचं तर हात न बदलता कंबरेतून वळून वल्हं होडीवरून पलीकडे न्यायचं. मागच्याचा खास फटका म्हणजे जे-स्ट्रोक: वल्हं मारून झाल्यावर शेवटी पातं बाहेर वळवायचं, म्हणजे होडी एका बाजूला भरकटत नाही. आणि सगळ्यात सुंदर युक्ती बॅक फेरी. होडी प्रवाहाला किंचित तिरकी ठेवून दोघांनी उलटं वल्हवायचं. होडी जवळजवळ जागच्या जागी राहते आणि पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. आपल्या दंडात नदीशी झुंजण्याइतकी ताकद नसतेच. तिरकेपणा बरोबर साधला की तिची ताकद आपल्या कामी येते.

कोलाडला मला यातलं काही शिकावं लागलं नव्हतं. तिथे रबरी तराफ्यात सात-आठ जण, मागे गाइड, त्याने "फॉरवर्ड" म्हटलं की वल्हं मारायचं. दगडावर आपटलं तर तराफा चेंडूसारखा उसळतो. शिवाय कुंडलिकेचं ते पाणी भिऱ्याला वीज करून सोडलेलं. पाणी सुटलं की नदी, बंद झालं की गोटे. नहानीवर धरण नाही. धबधब्यावर वीजप्रकल्प करायचे बेत एकेकाळी होते. १९७० साली पंतप्रधान पिएर ट्रुडो ही नदी पाहून गेले, आणि पुढे त्याच दशकात तिचं खोरं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलं गेलं. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत ज्या बारा जागा घेतल्या, त्यांत नहानी होती. २००९ मध्ये उद्यान वाढवून सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरचं झालं. आपल्या गोव्यासारखी आठ राज्यं मावतील एवढं.

धबधब्याचा आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानाला. डेने भाषेत त्याला नाइलिचो म्हणतात, खाली पडणारं मोठं पाणी. उंची ९० मीटरहून जास्त, नायगाऱ्याच्या दीडपटीच्या वर. मधोमध एक सुळका उभा आहे आणि नदी त्याच्या दोन्ही बाजूंनी कोसळते. त्याला बिल मेसन या कॅनडातल्या प्रसिद्ध कनूवीर आणि चित्रपटकाराचं नाव दिलंय. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. कठड्याला टेकून मी बराच वेळ नुसता उभा होतो. सह्याद्रीतले पावसाळी धबधबे पाहिलेत, पण ते कड्यावरून उतरतात. इथे अख्खी नदी एकदम खाली जाते.

आणि तिच्याबरोबर खाली जायचं तर सगळं सामान खांद्यावर. एक किलोमीटरहून थोडी जास्त वाट, काही भाग लाकडी फळ्यांचा, शेवट तीव्र उताराचा. प्रत्येकाच्या तीन-चार खेपा. होडी उलटी करून मधली आडवी दांडी खांद्यावर घ्यायची. असा माणूस मागून पाहिला की इरलं घेतलेल्या कोकणी शेतकऱ्यासारखा दिसतो, फक्त पाय. दुपारपर्यंत मला कळलं की या सुट्टीत 'वाटाड्या असतात' याचा अर्थ 'हमाल असतात' असा नव्हता.

धबधब्याखालून खरी नदी सुरू झाली. पहिला येतो तो चौथा कॅन्यन. पूर्वीचे लोक खालून वर आले, त्यांनी भेटतील तसे आकडे दिले, म्हणून वरून येणाऱ्याला चार, तीन, दोन, एक अशी उलटी गणती लागते. चौथ्यात पिवळ्या-केशरी भिंतींच्या मधून उभ्या लाटा होत्या, माझ्या डोक्याइतक्या. नाक वर जातं, क्षणभर आकाश दिसतं, मग लाट मांडीवर. वाटाड्या बाईंची होडी सगळ्यांत पुढे, मुलाची सगळ्यांत मागे. पुढच्या होडीच्या पुढे जायचं नाही, मागच्या होडीच्या मागे राहायचं नाही. बाईंनी वल्हं उभं धरलं की या, आडवं धरलं की थांबा.

नंतर फिगर एट, म्हणजे इंग्रजी आठचा आकडा. नदी थेट समोरच्या कड्यावर आदळते आणि दोन्ही बाजूंना दोन प्रचंड भोवरे करून मगच वाट काढते. तिथे उतरून अर्धा तास काठावरून पाहिलं. बाईंनी बोटाने वाट दाखवली, ती मी पाठ केली आणि घोकत घोकत आम्ही सुखरूप पार झालो. भाचीने मागून वल्ह्याने माझ्या शिरस्त्राणावर शाबासकीची टपली मारली.

उलटलो ते त्यानंतर, नाव नसलेल्या एका साध्या वळणावर. गोट्यांच्या पुळणीजवळ अर्धा बुडालेला एक दगड. मला तो वेळेवर दिसला. मी ओरडलो, "डावीकडे!" म्हणजे दगड डावीकडे आहे. भाचीने ऐकलं, डावीकडे जायचंय. तिने सगळा जोर लावून होडी डावीकडे वळवली, मी घाबरून उजवीकडे ओढलं, आणि होडी त्या दगडावर आडवी बसली. अशा वेळी दगडाकडे झुकायचं, त्याला मिठी मारायची, हे आम्हाला चार वेळा सांगितलं होतं. आम्ही दोघेही घाबरल्या माणसासारखे दगडापासून दूर झुकलो. प्रवाहाने वरची कड पकडली आणि संपलं.

त्या पाण्याच्या थंडीचं वर्णन एकच: श्वास आत जातो आणि बाहेर यायचं विसरतो. पण शिकवलेलं अंगात होतं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे, पाण्याच्या वर. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण वेगवान पाण्यात पाऊल दोन गोट्यांत अडकलं की नदी माणसाला वाकवून पाण्याखाली धरते. वल्हं सोडायचं नाही. तेवढ्यात एक पिशवी सुसाट येऊन खांद्याजवळ पडली, मागून दोरी उलगडत. दोरी धरून पालथं व्हायचं नाही, पाठीवरच राहायचं. मुलाने मला काठाला ओढून घेतलं. भाची आधीच पोहोचली होती आणि दात वाजत असतानाही हसत होती.

शेकोटी, कोरडे कपडे, गोड चहा. वाटाड्या बाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "ओरडलात काय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दगडाचं नाव घ्यायचं नाही. दगड तुम्हाला दिसलाय, तिला तो दाखवून उपयोग नाही. जायचं कुठून, तेवढं बोला. बघायचंही तिकडेच. होडी डोळ्यांच्या मागे जाते."

मला पुण्यातली माझी स्कूटर आठवली. पावसाळ्यात मागे बसलेली बायको "खड्डा! खड्डा!" ओरडते आणि मी नेमका त्याच खड्ड्यात जातो. तीस वर्षं आम्ही एकमेकांना दोष देत आलोय.

त्या रात्री भाचीने आणि मी शब्द ठरवले. 'डावी' म्हणजे डावीकडे जायचं. 'उजवी' तसंच. 'थांब' म्हणजे उलटं वल्हं. 'नको', 'अगं', 'बाप रे' या शब्दांवर बंदी. इंग्रजी शब्द घ्यावेत का यावर थोडा वाद झाला, पण घाबरल्यावर तोंडातून मराठीच येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग तिसरा कॅन्यन आला, त्यात 'गेट' नावाचं काटकोनी वळण आणि त्याच्या तोंडाशी पल्पिट रॉक हा एकटा उभा सुळका. डोंगरांना नदी अशी आरपार कशी कापते, नागमोडी वळणांसकट, असं मी मुलाला विचारलं. त्याचं उत्तर: नदी डोंगरांहून जुनी आहे. सपाटीवर ती वळणं घेत वाहत होती. जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि नदी आपली वळणं न सोडता खाली कापत राहिली. शेवटच्या हिमयुगात या खोऱ्याचा काही भाग बर्फाखाली गेलाच नाही, त्यामुळे हिमनद्यांनी हे कडे घासून टाकले नाहीत.

दुसऱ्या कॅन्यननंतर डेडमेन व्हॅली, मेलेल्या माणसांचं खोरं. सोनं शोधायला आलेल्या मॅक्लाउड भावांचे सांगाडे इथे १९०८ साली सापडले, मुंडकी नसलेले. तेव्हापासून आसपासच्या ओढ्याला आणि डोंगराला बिनमुंडक्याची नावं पडली. मला मात्र त्याहून लक्षात राहिली ती डेने लोकांची गोष्ट. डोंगरात हिवाळाभर शिकार करून वसंतात ते स्प्रूसच्या लाकडाचा सांगाडा बांधत, मूस हरणांची कातडी शिवून त्यावर चढवत आणि बायका-मुलं, कुत्री, सुकं मांस घेऊन या पुराच्या पाण्यातून खाली व्यापारी ठाण्यावर येत. पोहोचल्यावर होडी उसवायची, कातडी कमावायला घ्यायची. आमच्या चिवट प्लॅस्टिकच्या होडीकडे मी त्या दिवशी जरा ओशाळून पाहिलं.

जॉर्जेस रिफलपाशी नदी पुन्हा उसळली. या खेपेला मला जिभेचं टोक दिसलं, तिच्या डावीकडे फुगलेली उशीही दिसली. मी उशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. "उजवी," म्हणालो. मागून होडी उजवीला सरली. "उजवी. सरळ." लाटा आल्या, गेल्या. खालच्या एडीत वळून थांबलो तेव्हा लक्षात आलं, मी ओरडलोच नव्हतो. बोललो होतो.

पहिल्या कॅन्यनच्या चुनखडीच्या भिंती हजार मीटरच्या वर गेलेल्या. वरच्या कंगोऱ्यांवर पांढरे ठिपके हलत होते, डॉल मेंढ्या. बाहेर पडल्यावर क्राऊस यांचे गरम झरे लागतात. गस आणि मेरी क्राऊस हे जोडपं इथे बरीच वर्षं घर करून राहिलं. गंधकाचा वास, चिखलाचा तळ आणि अंगाला सुखावणारं पाणी: वज्रेश्वरीची आठवण यावी असं सगळं, फक्त देऊळ, दुकानं आणि माणसं वजा. माझ्या गुडघ्यांनी नदीला तिथे माफ केलं.

जाऊ पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. हंगाम जून ते ऑगस्ट. धबधब्यापासून सुरुवात केली तर आठवड्याभराची सहलही होते, आणि तिथून नहानी ब्यूट गावापर्यंत साधारण दोनशे किलोमीटर पडतात. पोहता यायला हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्यात पडून आधी अनुभव घेतलेला हवा. एखादा शनिवार-रविवार वाहत्या पाण्यावर प्रशिक्षकाबरोबर घालवल्याशिवाय इथे येऊ नये. व्हिसाचं काम महिनोन्‌महिने आधी सुरू करावं. गुडघ्यांवर रोज अर्धा तास बसायची सवय आजपासून.

कॅन्यन संपले की नदी सैल सुटते आणि बेटांमधून असंख्य फाट्यांनी वाहते. या भागाला स्प्लिट्स म्हणतात. पाणी तिथे निरुपद्रवी, पण वाट कोणती हे ठरवणं कठीण. शेवटच्या दिवशी वाटाड्या बाईंनी होडी बाजूला घेतली आणि आम्हा मामा-भाचीला म्हणाल्या, "आज पुढे तुम्ही."

पाच होड्यांची रांग माझ्या मागे. समोर तीन फाटे. मी पाणी वाचलं, मधल्या फाट्याचा रंग गडद वाटला. "डावी," म्हणालो, "आता सरळ." भाचीने होडी मधल्या फाट्यात घातली आणि मागून सगळे आले. पावणेदोन किलोमीटर छान गेले. मग पाणी पसरत गेलं, पातळ झालं, तळाचे गोटे दिसू लागले, आणि होडी खर्र करत थांबली. एकामागून एक सहाही.

कोणी काही बोललं नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उतरून सगळ्यांनी दोऱ्या धरल्या आणि होड्या ओढायला लागले. वाटाड्या बाई माझ्या शेजारी आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "वाट स्पष्ट सांगितलीत ना? मग चुकली तर ओढायची."

पुढे दोनशे मीटरांवर पाणी पुन्हा गडद दिसत होतं. मी भाचीला तेवढंच दाखवलं.